पट्ट्यावर ओढणी नाय

"गुडगा बगू तुजा."

जयवंतीताई कुठल्याही बाईशी ओळख करून घेते ती अशी. नाव, गाव, नवरा काय करतो, हे सगळं नंतर. बोईसरमध्ये माणसं पहिल्या भेटीत 'कुठल्या कंपनीत?' असं विचारतात. जयवंतीताई गुडघा विचारते. मग समोरची बाई साडी असो की सलवार, घोट्यापासून वीतभर वर करते, इकडेतिकडे बघते आणि सोडून देते.

"एवड्यात काय दिसतंय? गुडगा म्हंजे काय देव हाय, मखरात झाकून ठेवायला?"

आमच्या कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर, हार्डवेअरच्या दुकानाच्या डोक्यावर, प्रणवची जिम आहे. प्रणव हा मालक. दंड नारळाएवढे, आणि निर्णय घ्यायची वेळ आली की आवाज पिपाणीएवढा. सकाळी आणि रात्री तिथे पुरुष असतात. दुपारी पहिली शिफ्ट सुटली की दिवेलागणीपर्यंत बायका. ती बायकांची बॅच म्हणजे जयवंतीताई. तिच्याआधी ही बॅच नव्हती, आणि एकदा अशी वेळ आली होती की तिच्यासकट ती बंदच पडणार. ती गोष्ट पुढे येते. आधी ताई नीट बघून घ्या, कारण लोकांनीही आधी तिला बघितलं आणि मगच मतं दिली.

चाळिशी ओलांडलेली. खांदे रुंद, रंग समुद्राकाठचा, केसांना तेल लावून आवळलेला आंबाडा. अंगात घोट्यापर्यंत चोपून बसलेली काळी टाइट्स आणि वर बिनबाह्यांचा लाल टॉप, ज्याच्या पाठीवर पट्ट्यांची फुली. गळ्यात काळी पोत. पळताना पोत टॉपच्या आत जाते. वजन उचलण्याआधी ताई तिला वरून हात लावून बघते, दाराची कडी लागली की नाही बघावी तसं.

ती नवापूरची. बापाची चिकूची आणि नारळांची वाडी. मोटार बंद पडली की ताई आणि तिच्या बहिणी कळशांनी झाडांना पाणी घालायच्या. लग्न शेजारच्याच गावात झालं. नवरा चिंतू अणुकेंद्रात ठेकेदाराकडे फिटर, बोलायला महाग. मग ताई एमआयडीसीत रंगाच्या पावडरीच्या कंपनीत पॅकिंगला लागली आणि वर्षानुवर्षं पोती उचलून तिची पाठ गेली. डॉक्टरांनी सांगितलं, आराम करा, पडून राहा. ताई सांगते, "मी म्हटलं, पडून ऱ्हायला माजी सासू मला पगार देनार हाय का?" ती पाठ घेऊन जिममध्ये आली. पाठ सुधारली आणि तिला वजनांची चटक लागली. विरारला जाऊन तिने ट्रेनरचा कोर्स केला, पालघरच्या स्पर्धेत ढाल मिळवली, नोकरी सोडली आणि प्रणवला सांगितलं, "दुपारी तुजे आरशे रिकामे असतात. बाया मी आणते."

आणल्या. पॅकिंगच्या मुली, अणुकेंद्राच्या टाउनशिपमधल्या काकू, शाळेतल्या बाई, एक नर्स. गुडघा दुखतो म्हणून माझी आईही आली. आणि आई आली म्हणून मी, कारण अकरावीतली मुलगी घरच्यांच्या मते रिकामीच असते.

कपड्यांबद्दल ताईचं म्हणणं सरळ होतं. तिने सुरुवात चिंतूच्या जुन्या शर्टात केली होती. एकदा पालथं होऊन व्यायाम करताना तो शर्ट तिच्या तोंडावर आला, आणि ती आंधळी होऊन भिंतीवर आपटली. तेव्हापासून टाइट्स. "माजं कापड मी घामाला विचारून घेते. घाम बोलतो, हे नको, ते घे. शेजारीन काय बोलते ते मी साडी घेताना विचारीन." दुसऱ्यांना तिने कधी काही घालायला लावलं नाही. ज्यात श्वास जाईल ते घाला म्हणायची. फक्त कुणी तंबूसारखा कुर्ता घालून उठाबशा काढायला लागली की ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "आत तुजा गुडगा वाकडा जातोय का सरळ, मला काय स्वप्न पडनार?"

पण बोईसर हे मतांचं गाव आहे. इथे सांगलीचा, जळगावचा, लातूरचा माणूस नोकरीला येतो आणि येताना आपलं मत डब्यात भरून आणतो. माझं काम ती ऐकायचं.

कोपऱ्यावर क्लास चालवणाऱ्या बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून: "फॅशनला माझा विरोध नाहीच मुळी. अंगप्रदर्शनाला आहे." फरक काय, म्हणून विचारलं तर, "तो दिसला की कळतो."

रिक्षा स्टँडवरचे भैया, पान एका गालातून दुसऱ्या गालात ढकलत: "अरे, भाभीजी को कौन बोलेगा? हमारा रिक्षा उठा के रख देगी."

जिमखाली भाजी विकणारी पारू, मेथीची जुडी झटकत: "सकाळी बाप्ये वर जातात, दुपारी बाया. बाप्ये जास्त कण्हतात."

माझी मैत्रीण रूपल, केस एका बाजूला घेत: "आय मीन, काकू लोकांनी टाइट्स घालूच नयेत ना. सूट नाही होत." स्वतः रूपल पोटाच्या वर संपणारा टॉप घालून यायची आणि आरशासमोर फोन धरून अर्धा तास उभी राहायची. ताईने तिला एकदाच सांगितलं, "टॉपाला माजी हरकत नाय. फोनाला हाय. मागं त्या नर्सबाई उठाबशा काडतायत, त्यांना इचारलंस का फोटोत येनार का म्हणून?" रूपलचा फोन त्या दिवसापासून बॅगेत.

आणि माझी आई, उषा. आरशात बघून कुर्ता पुढून खाली, मग मागून खाली ओढत: "घालतात त्यांना घालू देत बाई. आपल्याला नाही जमत." कुणी न विचारताच.

उरले बाबा. त्यांच्याशिवाय ही गोष्ट होत नाही.

माझे बाबा, शिवाजी, मूळचे तासगावचे. ताई ज्या रंगाच्या कंपनीत होती तिथेच ते सेफ्टी ऑफिसर आहेत. ताईने कितीतरी सकाळी त्यांचं भाषण पॅकिंगच्या रांगेत उभी राहून ऐकलेलं, म्हणून ती अजून त्यांना साहेब म्हणते. मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह असतो, त्यासाठी बाबा घरी कपाटाच्या आरशासमोर सराव करतात. छाती पुढे, एक बोट वर: "यंत्राला डोळे नसतात. यंत्राला फक्त टोक लागतं. पदराचं टोक, ओढणीचं टोक, बाहीचं टोक. टोक द्या, यंत्र अख्खा माणूस मागेल." मग तीन बोटं हवेत, आणि थांबतात. टाळ्यांसाठी.

त्यांची दुसरी सवय 'का'ची. कंपनीत काही घडलं, अगदी कुणाला लागता लागता राहिलं तरी, पाच वेळा 'का' विचारायचं असतं, म्हणजे मूळ कारण सापडतं. ही सवय त्यांनी घरी आणली. एकदा दूध उतू गेलं. बाबा ओट्याशी उभे. दूध का उतू गेलं? गॅस चालू होता. गॅस का चालू राहिला? आई दाराशी गेली. दाराशी का? बेल वाजली. बेल का वाजली? आई म्हणाली, "तुम्ही किल्ली विसरून गेला होतात." बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "घरगुती बाबतीत चार पुरे होतात."

तर प्रणवने काय केलं, जिमची जाहिरात म्हणून ताईचा व्हिडिओ काढला. ताईला विचारून. ताई वाकते, जमिनीवरची मोठी दांडी उचलते, कॅमेऱ्याकडे बघते आणि म्हणते, "ये की मग." खाली ढोल वाजतात. व्हिडिओ दुपारी चढला आणि रात्रीच्या जेवणापर्यंत कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर, कंपनीच्या ग्रुपवर, टाउनशिपच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर पोचला. आधी अंगठे आले, मग हात जोडलेले आले, मग लांबलचक मजकूर यायला लागले.

ताईच्या थोरल्या दिरांचा, बळवंतभाऊंचा, गावाहून निरोप आला की येऊन भेट. ती गेली. परत आली ती भेट आम्हाला उठाबशा मोजता मोजता सांगितली, आवाजांसकट.

"भाऊ ओटीवर बसलेले. बोलले, जयवंती, आपल्या घरात असं कधी झालं नाय. बायकांचे पाय गावानं बगायचे? खाली जा, वर ये. मी काय बोलली नाय. समोर आमची सासू, साखरबाई, वाडीतनं पानी सोडून आलेली. लुगड्याचा काष्टा मारलेला, दोन्ही गुडगे उगडे, पाय चिकलानं भरलेले. ती बोलली, बल्या, तांब्या आण, पाय दुवायचेत. खाली जा. भाऊनी तांब्या आणला. आईचे पाय दुवायला बसले. मंग मीच बोलली, भाऊ, येऊ का? गाडी जाईल. वर ये, उषावयनी, मदेच काय हसतेस?"

पण भाऊंचं प्रकरण पाय धुण्यावर निभावलं, कॉम्प्लेक्सचं निभावलं नाही. आमचे सेक्रेटरी कमलाकांत, निवृत्त बँकवाले. वाक्य सुरू करताना दोन्ही हात असे पुढे करतात, जणू कुणी त्यांना ताट देतंय. "हे पाहा, माझा वैयक्तिक विरोध नाही. मी स्वतः पुरोगामी आहे. पण ही निवासी वस्ती आहे. काचेतून सगळं दिसतं. खाली रिक्षा स्टँड. उद्या काही झालं तर?" आणि सोसायटीची परवानगी दर वर्षी लागते, तेव्हा प्रणवपुढे त्यांनी दोन गोष्टी ठेवल्या: बायकांनी अंगभर कपड्यांत यायचं, नाहीतर दुपारची बॅच बंद. बॅच बंद म्हणजे ताई घरी.

नियम लिहिण्याचं काम आलं बाबांकडे, कारण बिल्डिंगमध्ये पाटी म्हटली की बाबाच. जिन्यातली 'घसरण, सावकाश' त्यांची. गच्चीवरची 'कठड्यावर बसू नये' त्यांची. बाबांनी स्वतः उभं राहून जिमच्या दारावर पिवळी पाटी लावून घेतली, काळ्या ठळक अक्षरांत:

महिलांसाठी. गुडघ्याखालपर्यंत सैल कुर्ता व ओढणी अनिवार्य. ट्रेनरसह.

घरी आई पोळ्या लाटत म्हणाली, "ओढणी घेऊन पळायचं?"

"पिन लाव. अंगभर कपडा असला की प्रश्नच उरत नाही बघ." बाबा पोळी मोडत होते. "जयवंती हुशार बाई आहे, मी ओळखतो तिला. पण समाज म्हणून काहीतरी असतंच की."

मी ताटात तोंड खुपसलं. आरशासमोरचं भाषण मला पाठ होतं. पण बाबांना त्यांच्याच आवाजात उत्तर दिलं की त्या रात्री फोन जप्त होतो, हेही पाठ होतं.

आम्हाला वाटलं ताई भांडेल. पॅकिंगच्या मुली तर बाह्या सरसावून तयार होत्या. ताईने पाटी वाचली. दोनदा वाचली. मग प्रणवला म्हणाली, "कमिटीला सांग, एकदा येऊन बॅच बगा. नियमात कशी चालते ती. आवडली तर परवानगी द्या, नाय आवडली तर मी चावी देऊन जाते. पन बगितल्याशिवाय नाय."

"ताई, उगाच रिस्क कशाला?" प्रणवची पिपाणी वाजली. "मैं बोलता हूँ ना, थोडे दिवस कुर्ता घालूया, मग लोक विसरतात."

"लोक विसरतील. माज्या बाया येनार नायत. आणि ऐक, एक गोष्ट आताच सांगते. पट्ट्यावर ओढणी नाय." पट्टा म्हणजे ट्रेडमिल. बायका त्याला पट्टाच म्हणतात. "बाकी सगळं नियमात करू. पट्टा बंद."

शनिवारी कमिटी आली. कमलाकांत, बाबा, आणि मागे जिन्यात पारू, कारण भाजी झाकून ठेवली की तीही कमिटी. ताई दारात उभी. आईच्याच मापाचा असावा असा ढगळ आकाशी कुर्ता, सलवार, ओढणी दोन खांद्यांवर पिन केलेली. तिला त्या कपड्यांत मी पहिल्यांदा बघत होते. हळदीकुंकवाला आलेली पाहुणी दिसत होती, फक्त दंड वेगळं सांगत होते.

"वा," कमलाकांतांचे हात पुढे झाले. "किती शोभतं. हेच तर आम्ही म्हणत होतो."

बॅच सुरू झाली. नियमातली. दांडी उचलताना नर्सबाईंच्या कुर्त्याचा घोळ दांडीत आला, त्यांनी दांडी ठेवली, घोळ काढला, पुन्हा उचलली, पुन्हा घोळ. हात वर करायचा व्यायाम होता, तिथे ओढण्या तोंडावर. पालथं व्हायचं होतं, तिथे सगळ्याच आंधळ्या. ताई मधून फिरत होती आणि एकेकीच्या तोंडावरचं कापड बाजूला करत होती, नवरीचा घुंगट उचलावा तसं. पॅकिंगच्या मुली हसू दाबून लाल झाल्या.

बाबा दांडीतला घोळ बघत होते. मला ती नजर माहीत आहे. पाण्याच्या नळाखाली वायर दिसली की तशी होते.

"पट्ट्यावर कुणीच नाही?" कमलाकांतांनी विचारलं. "खालून तर तोच दिसतो. मुद्दा तोच आहे."

"पट्टा बंद हाय. ओढणीत पट्टा नाय." ताई म्हणाली.

"नाही, पण मग आम्ही बघायचं काय? शिवाजीराव?"

बाबांनी घसा खाकरला. "पिन नीट लावली तर तसं काही..." वाक्य तिथंच राहिलं.

आणि माझी आई, जिने आयुष्यात नवऱ्याचं वाक्य अर्धं पडू दिलं नाही, ती बोलणं चालू असताना पलीकडून पट्ट्यावर चढली. रोज चढते ना, तशी. बटण दाबलं. पट्टा सरकायला लागला. "हे बघा, येतं की," ती हसून म्हणाली.

ताईने मान वळवली आणि धावलीच.

आईची एका खांद्यावरची पिन निसटली. ओढणी पाठीवरून घसरली, तिचं टोक मागे पट्ट्याला टेकलं आणि पट्ट्याने ते आत घेतलं. शांतपणे, शेवया ओढाव्यात तसं. आई मागे खेचली गेली, दुसऱ्या खांद्यावरची पिन सुटेना, शिवण टरकली, आणि ताईचा तळहात लाल बटणावर पडला. पट्टा थांबला. आई पट्ट्यावर बसकण मारून, केस विस्कटलेले, उजवा खांदा बाहीपासून मोकळा, उघडा.

कमलाकांत तात्काळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. समोर वजन कमी करण्याचा तक्ता होता, तो वाचू लागले.

"लागलं का?" ताईने आधी मान बघितली, मग मनगटं, मग अर्थातच गुडघा.

"नाही गं. कुर्ता गेला." आई आपल्या उघड्या खांद्याकडे बघत होती. "नवा होता." आणि मग ती हसायलाच लागली. "अंगभर म्हणून घेतलेला."

बाबा पांढरे पडले होते. दोन पावलं आईकडे गेले, ती ठीक आहे हे बघितलं, स्वतःचा शर्ट काढून तिला द्यायला लागले. "राहू दे हो, तुम्ही कशाला उघडे होताय," ती म्हणाली. आणि मग बाबांमधला सेफ्टी ऑफिसर जागा झाला.

"कुणी काही हलवायचं नाही."

उडी मारायची दोरी घेतली, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बांधली, जागा अडवली. प्रणवला बाजूला केलं. उकिडवे बसून अडकलेलं टोक बघितलं. उठले. एक बोट वर.

"पहिला का. माणूस का पडला?"

पॅकिंगची एक मुलगी सवयीने बोलली, "ओढणी ओढली गेली, साहेब."

"दुसरा का. ओढणी का ओढली गेली?"

"पट्ट्याला टोक मिळालं."

टोक हा शब्द ऐकून बाबा जरा थांबले. "तिसरा का. टोक का मिळालं?"

"ओढणी होती म्हणून."

"चौथा. चालत्या यंत्रावरच्या माणसाच्या अंगावर ओढणी का होती?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. पिवळी पाटी, काळी ठळक अक्षरं. पाटीच्या शेजारून पारू डोकावत होती.

कमलाकांत तक्ता सोडून वळले. "शिवाजीराव, इथपर्यंत पुरे. यंत्रात दोष होता असं समजू."

"यंत्र नवीन आहे, काका," प्रणव पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोलला. "दिवाळीला घेतलंय."

बाबांनी चष्मा काढला. पुसला. मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. आम्हा दोघींना दूध आठवत होतं. इथे बाबा चारवर थांबले असते तर कमलाकांतांनी यंत्राला दोष दिला असता, पाटी राहिली असती, आणि ताईने चावी टेबलावर ठेवली असती. तिने ती मुठीत काढलेलीही होती. हाताची घडी, मुठीत चावी, बाबांकडे सरळ नजर. विनवणी अजिबात नाही. कंपनीतल्या रांगेत उभी असायची तशीच उभी.

"पुडं, साहेब," ती म्हणाली. "पाच असतात."

बाबांनी चष्मा चढवला. "पाचवा का. असा नियम का केला?" आणि उत्तरही त्यांनीच दिलं, बोट वर न करता. "कारण नियम लिहिताना मी यंत्र बघितलंच नाही. रिक्षा स्टँड बघितला."

बाबा पट्ट्याला बांधलेली दोरी सोडायला लागले.

"मी वीस वर्षं बायकांना सांगतो, सैल कपडा आत नको. आणि माझ्याच बायकोला..." बाबांनी वाक्य पुन्हा अर्धं सोडलं. या वेळी आईने ते पूर्ण केलं नाही.

ताई आईला पाणी देऊन परत आली. "साहेब, पाच 'का' झाले. उपाय ऱ्हायला. तुमीच सांगायचात, उपाय नाय तर ते नुसतं गाऱ्हाणं."

"लोंबतं, सैल, मोकळं काही नको," बाबा म्हणाले. "बाकी ज्याचं त्याने बघावं."

"निदान काचेला पडदा," कमलाकांतांचे हात पुन्हा ताट घ्यायला पुढे. "मधला मार्ग."

"लावा की." ताई लगेच म्हणाली. "पन सकाळीबी लावा. सकाळी बाप्ये सगळे कंबरेपरेंत उगडे, आरशासमोर छात्या फुगवतात. खाली ही पारू भाजी इकते. तिच्या नजरेचं कुनी इचारलं?"

"मला चालतंय," पारू जिन्यातून म्हणाली. "भाजी इकत बगते."

कमलाकांत स्वतः सकाळच्या बॅचला येतात, बनियन काढून. पडद्याचा विषय त्यांनी परत काढला नाही. परवानगी मिळाली, तीही बाबांच्या साक्षीने, आणि जाताना कमलाकांत म्हणाले की त्यांचा वैयक्तिक विरोध कधीच नव्हता.

सगळं गाव शहाणं झालं, असं काही झालं नाही. क्लासच्या बाईंना फरक अजून दिसला की कळतो. दोघीजणी पुढच्या आठवड्यात आल्या नाहीत. एकीच्या सासूने आई पडल्याचं ऐकलं होतं, दुसरीच्या नवऱ्याने व्हिडिओचं. ताई दोघींच्या घरी गेली, चहा प्याली. नवऱ्यावाली परत आली नाही. सासूवाली आली, कुर्त्यातच. ताईने तिच्या कुर्त्याचा घोळ मागे गोळा केला आणि त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. "घाल कुर्ता. कुनी नको म्हटलंय? फक्त शेपूट नको." चिमट्यांची टोपली आता पट्ट्याशेजारी असते. चिमटे चिंतूने आणून दिले. त्यांच्या गॅलरीतल्या दोरीवर त्याची कामाची निळी डांगरी आणि तिची काळी टाइट्स शेजारी शेजारी वाळतात, म्हणजे आधीपासूनच वाळायच्या.

पिवळी पाटी गेली. त्या जागी बाबांनी कंपनीतली जुनी पाटी आणून लावली, एका कोपऱ्यात रंगाचा डाग असलेली: सैल कपडे, लोंबती ओढणी, मोकळे केस यांना आत मनाई. खाली कवटी. सुरक्षा सप्ताहातल्या भाषणातही त्यांनी भर घातली. छाती पुढे, बोट वर: "माझ्या परिचयातील एका इसमाने..." इसमाचं नाव ते सांगत नाहीत. कंपनीत सगळ्यांना माहीत आहे.

आणि आई. आई एका रविवारी एकटीच पालघरला गेली, बाजारात. काय आणलं ते दाखवलं नाही. सोमवारी दुपारी जिममध्ये आली ती बाबांचा जुना शर्ट अंगावर घालून, गुडघ्यापर्यंत. आरशासमोर उभी राहिली. शर्ट पुढून ओढला, मागून ओढला. मग इकडेतिकडे न बघता तो काढला आणि कंबरेला गाठ मारून बांधला. मग ती गाठही सोडली आणि शर्ट खुंटीला टांगला. काळी टाइट्स, जांभळा टॉप. पोट होतं तेवढं होतं. रूपलने तोंड उघडलं, ताईने तिच्याकडे बघितलं, रूपल पाणी प्यायली.

"चल, उठाबशा," ताई आईला म्हणाली.

आई खाली गेली, वर आली. ताई उकिडवी बसून बघत होती. पुन्हा खाली, पुन्हा वर. तिसऱ्यांदा ताईने आईच्या गुडघ्याला दोन्ही हातांनी धरलं आणि बोटभर बाहेर वळवला.

"आता सापडला. हा आत पडत होता, उषावयनी. म्हणून जिना चडताना दुकतो तुला. इतके दिस तू झाकून ठेवला, मी वरनं नुसती ओरडते." तिने हात सोडले. "कर आता. आतनं नाय, बाहेरनं. खाली जा."

आई खाली गेली.